महाछायची गाडी



मालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही नुसते 'महाछायची गाडी' एवढेच कळवले. लगेच त्यांचा फोन आला : "हे महाछाया म्हणजे काही अध्यात्मातले आहे काय?" तसे काही नाही. अध्यात्म हे आमचे खाते नव्हे. महाछाय हे थायलंडातले मासळीचे गाव आहे. बँकॉकहून सकाळी निघाले तर संध्याकाळी परत येता येते. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत आम्ही तसे जाऊन आलो. त्या एका दिवसाविषयी आज बोलायचे आहे.

एका दिवसाच्या पाहुण्याने देशाविषयी बोलू नये असे म्हणतात. ते बरोबर आहे, म्हणून आम्ही देशाविषयी बोलणार नाही. गाडी, मासळी, मीठ आणि त्यांवर जगणारी माणसे, एवढ्यापुरतेच बोलू. गेली तीस वर्षे आम्ही कोकणातल्या बंदरांवर, खलाशांत आणि कोळंबी सोलणाऱ्या बायांत काम करतो. आमचे शाळेतले शिक्षण आठवीला संपले. पुढचे युनियनच्या कचेरीत, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांवर आणि वाचनालयाच्या कृपेने झाले. त्यामुळे कोठेही गेलो तरी देवळाच्या आधी धक्क्याकडे पाय वळतात.

बँकॉकला कामगार संघटनांची परिषद होती. एक दिवस मोकळा मिळाला. यजमानांनी आमच्यासमोर रंगीत पत्रके ठेवली : पटायाचा किनारा, राजवाडा, हत्ती. आम्ही विचारले, मासळी उतरते कोठे? तेव्हा त्यांच्यातली एक कार्यकर्ती हसली आणि म्हणाली, "उद्या सकाळी सातला तयार राहा." असे आम्ही चौघे निघालो. ती, आम्ही, आमच्या बंदरावरचे एक सहकारी आणि केरळातल्या मत्स्यकामगारांत काम करणाऱ्या एक बाई.

महाछायची गाडी बँकॉकच्या मोठ्या स्टेशनावरून सुटत नाही. नदीच्या पश्चिमेला वोंगवियेन याय नावाचा मोठा चौक आहे. चौकात राजा ताक्सिनचा घोड्यावरचा पुतळा आहे, १९५४ सालचा. तेथून जवळच, फळवाल्यांच्या आणि चहावाल्यांच्या मागे दडलेले एक लहानसे स्टेशन आहे. त्याच नावाचे उन्नत गाडीचे झकपक स्टेशनही आहे, पण ते वेगळे. दोहोंत चांगली पायपीट पडते. आमच्या स्टेशनाला एकच फलाट. तिकीट दहा बाट. गाडी डिझेलची, दोन-तीन डब्यांची, खिडक्या उघड्या.

या गाडीची कुळकथा सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी एका खाजगी कंपनीने बँकॉकपासून महाछायपर्यंत सुमारे तेहतीस किलोमीटरची लाइन टाकली. हेतू स्पष्ट होता : किनाऱ्याची मासळी ताजी असताना राजधानीत पोचवायची. मग दुसऱ्या कंपनीने नदीपलीकडच्या बानलेमपासून मेक्लोंगपर्यंत तेवढीच दुसरी लाइन टाकली. १९०७ साली दोन्ही कंपन्या एक झाल्या. कंपन्या एक झाल्या, लाइनी मात्र आजतागायत एक झाल्या नाहीत. मध्ये थाचीन नदी आहे आणि तिच्यावर रेल्वेचा पूल कधी झाला नाही. उतारूने उतरावे, होडीने पलीकडे जावे आणि दुसऱ्या गाडीत बसावे. देशाच्या बाकीच्या रेल्वेशीही या दोन तुकड्यांचा सांधा नाही. पूर्वी बँकॉककडचे टोक नदीकाठी ख्लोंगसान येथे होते. मासळी थेट होडीत जाई. १९६१ साली ते टोक छाटून वोंगवियेन यायपर्यंत मागे आणले, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर रस्ता झाला. मोटारीला जागा हवी असली की आधी आगगाडी मागे सरते. हे आपल्याला नवे नाही.

गाडी सुटली. पहिला अर्धा तास ती लोकांच्या स्वयंपाकघरांतूनच जाते म्हणाना. हात बाहेर काढला तर वाळत घातलेला सदरा काढून घेता येईल. मग नारळ, केळी, कालवे; मग मोकळी, खारट जमीन. तासाभरात महाछाय आले. स्टेशन बाजाराच्या पोटात आहे. डब्यातून पाय खाली ठेवला तो सुकटीच्या वासात. आमचे सहकारी म्हणाले, "आलो घरी."

आता नावाविषयी दोन शब्द. या जिल्ह्याचे सरकारी नाव समुत साखोन. कार्यकर्तीने ते लिहून अक्षरे फोडून दाखवली तेव्हा आम्ही चकित झालो. समुत म्हणजे समुद्र, साखोन म्हणजे सागर! शेजारचा जिल्हा समुत सोंगख्राम, म्हणजे समुद्रसंग्राम. पलीकडचा समुत प्राकान, म्हणजे समुद्रप्राकार. आणि महाछाय म्हणजे महाजय. एवढी समुद्रनावे असूनही महाछायला पर्यटकाच्या मनातला समुद्र मिळत नाही. नदीचे मुख, चिखल, खारफुटी, लाटा अडवण्यासाठी चिखलात रोवलेले बांबू. पांढरी वाळू पाहिजे असेल त्याने दुसरी गाडी धरावी. आम्हाला पाहिजे ते तेथे होते : दाटीवाटीने लागलेले ट्रॉलर, बर्फाचे कारखाने, निळी पिंपे, ओली फरशी.

आणि माणसे. बाजारात हिंडताना लक्षात आले की काम करणारे हात आणि विकणारे तोंड यांची भाषा वेगळी आहे. टोपल्या उचलणारे, मासळी निवडणारे, बर्फ फोडणारे बहुतेक सगळे ब्रह्मदेशातले, आता म्यानमार म्हणतात तेथले. त्यांत मोन लोक पुष्कळ. पुरुषांच्या कमरेला लुंग्या. बायांच्या गालांवर थानाका नावाच्या झाडाच्या सालीचा पिवळट लेप, आपल्याकडे चंदनाची उटी लावतात तसा. दुकानांच्या पाट्यांवर त्यांची गोल गोल अक्षरे. या एका जिल्ह्यात नोंदलेले परदेशी कामगारच दोन लाखांच्या वर आहेत, बिननोंदलेले वेगळे. २०१२ च्या मे महिन्यात आंग सान सू ची चोवीस वर्षांनी प्रथमच देशाबाहेर पडल्या, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्या येथे आल्या आणि सज्जात उभे राहून हजारो कामगारांशी बोलल्या. आपल्या देशातले राज्य लष्कराने पुन्हा २०२१ साली बळकावले आणि २०२४ साली सक्तीची लष्करभरती सुरू केली, तेव्हा आणखी तरुण सरहद्द ओलांडून आले.

हे लोक येथे करतात काय? कोळंबी सोलतात. बोट बाहेर मासळी पकडते, तेथे खलाशी होतात. तुमच्यापैकी ज्यांनी ससून डॉकवर किंवा आपल्या किनाऱ्यावरच्या शेडमध्ये हे काम पाहिले असेल त्यांना सांगायला नको. बर्फाच्या पाण्यात हात, मजुरी किलोवर, कोळंबीच्या पाण्याने बोटांची कातडी सोलते. कोळंबी बाई सोलते की बाईला कोळंबी सोलते, असा प्रश्न आमच्या एका सभासद बाईने एकदा भर सभेत विचारला होता. महाछायला त्याच्यापुढची पायरी होती. मोठे निर्यात करणारे कारखाने सोलण्याचे काम बाहेरच्या लहान शेडांना देत. शेडावर पाटी नाही, हजेरीबुक नाही. २०१५ साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या चार बाई-पत्रकारांनी या धंद्याची जी लक्तरे बाहेर काढली त्यांत अशा एका शेडची हकीकत आहे. कामगारांना नाव नव्हते, नंबर होता. पहाटे दोनला दारावर लाथ, आणि मग सोळा तास उभ्याने काम. त्याच बातम्यांच्या मालिकेमुळे इंडोनेशियाच्या दूरच्या बेटांवर ट्रॉलरांवर अडकवून ठेवलेले दोन हजारांहून अधिक खलाशी सुटले. वृत्तसंस्थेला २०१६ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. गोठवलेल्या मालाच्या निर्यातदारांच्या संघाने जाहीर केले की १ जानेवारी २०१६ पासून सोलण्याचे काम आपल्याच कारखान्यांत होईल.

मालकांना एवढ्या लवकर पाझर कसा फुटला? याचे उत्तर बाजारात आहे. युरोपीय संघाने २०१५ च्या एप्रिलात थायलंडच्या मासळीला पिवळे कार्ड दाखवले होते. बेकायदा मासेमारी आवरा, नाहीतर माल घेणार नाही. बोटींची नोंद, बंदरावर तपासणी, खलाशांचे कागद अशी धावपळ सुरू झाली. २०१९ च्या जानेवारीत कार्ड उठले, आणि त्याच महिन्यात थायलंडने मासेमारीतल्या कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार क्रमांक १८८ मंजूर केला. आशियात असे करणारा तो पहिला देश. आम्ही कोणाचे ऋण नाकारत नाही. पत्रकारांनी केले ते मोठे काम होते आणि गिऱ्हाइकाच्या धाकानेही कामगाराचे भले होऊ शकते. पण ज्याचे भले गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे त्याला कार्डाचा रंग पाहत बसावे लागते, हेही तितकेच खरे.

मग त्यांनी संघटना का करू नये? हा प्रश्न आम्ही धक्क्यावरच, बर्फाच्या गाड्यांना वाट देत देत, कार्यकर्तीला विचारला. तिचे उत्तर असे : थायलंडच्या १९७५ च्या कामगारसंबंध कायद्याप्रमाणे परदेशी कामगार युनियनचा सभासद होऊ शकतो. पण युनियन स्थापन करू शकत नाही आणि कमिटीवर बसू शकत नाही. त्यासाठी थाई नागरिकत्व लागते. आता ज्या कारखान्यात दहांतले नऊ कामगार परदेशी, तेथे काय करायचे? नऊ जणांनी वर्गणी भरायची आणि दहावा पुढे यायची वाट पाहायची. म्हणून तेथे 'नेटवर्क', 'मंडळ', 'मदतकेंद्र' अशा नावांनी कामे चालतात. वेतन बुडाले तर अर्ज लिहून देतात, पासपोर्ट मालकाने दाबून ठेवला तर सोडवून आणतात, भाषा शिकवतात. सगळे काम युनियनचेच. फक्त मालकासमोर टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसण्याचा अधिकार तेवढा नाही.

२०२० च्या डिसेंबरात करोनाची लाट तेथल्या कोळंबी-बाजारातून उठली. एका दिवसात पाचशेहून अधिक रुग्ण निघाले, बहुतेक हेच कामगार. बाजार आणि त्यांच्या राहण्याच्या इमारती काटेरी तार लावून बंद केल्या. हजारो माणसे आत. आम्ही ती इमारत रस्त्यावरून पाहिली. बाल्कन्यांतून लुंग्या वाळत होत्या, एक मुलगा पतंगाचा मांजा गुंडाळत होता. त्या बाजारातून कोळंबी घेणारे व्यापारीही तेथे रोज येत-जात होते, पण तार त्यांच्या घराला लागली नाही.

होडीने पलीकडे गेलो. पाच मिनिटांची नदी. होडीत माणसांपेक्षा मोटारसायकली जास्त. पलीकडे एका देवळावरून चालत गेले की बानलेमचे स्टेशन येते. दिवसाला चारच गाड्या, त्यामुळे घड्याळ बघून चालावे लागते. या दुसऱ्या तुकड्यावर दोन्ही बाजूंना मिठागरे. फेब्रुवारी म्हणजे मिठाचा ऐन हंगाम. वाफ्यांत पाणी चमकत होते, कडेला मिठाच्या राशी, आणि कोठे कोठे पाणी चढवायच्या लाकडी पवनचक्क्या. लाकडी फावड्याने मीठ ओढणारी बाई डोक्यावरून तोंडावरून कापड घेऊन कामाला लागलेली. फक्त डोळे दिसत होते. उरण-पेणच्या आगरी माणसाला तेथे सोडले तर तो न विचारता कामाला लागेल.

मेक्लोंगच्या ज्या बाजारातून गाडी जाते त्याची चित्रे तुम्ही पाहिलीच असतील. भोंगा वाजतो, छत्र्या मिटतात, गाडी भाजीला घासून जाते, छत्र्या पुन्हा उघडतात. ते पाहायला परदेशी पाहुण्यांची एवढी गर्दी असते की भाजी घेणारा सापडणे कठीण. आम्हीही पाहिले. त्याविषयी जास्त सांगण्यासारखे नाही. पण तेथली मासळी सांगतो. प्लाथू म्हणून एक मासा आहे, आपल्या बांगड्याचा सख्खा चुलतभाऊ. जात तीच, अंग जरा रुंद. वाफवून बांबूच्या गोल टोपल्यांत दोन-दोन, तीन-तीन मांडतात. टोपली लहान आणि मासा लांब, म्हणून मासा मावावा यासाठी त्याची मान मोडून वाकवतात. मेक्लोंगच्या प्लाथूची तीच खूण झाली आहे. सरळ मानेचा असला तर गिऱ्हाइकाला शंका येते. आमच्या केरळच्या बाई म्हणाल्या, "टोपली मोठी का नाही विणत?" विकणारीने खांदे उडवले. चवीला मात्र उत्तम. बाजूला जवळ्यासारख्या बारीक कोळंबीचे आंबवलेले कापी होते. ते आम्ही थोडे बांधून घेतले, आणि विमानात आमच्या शेजारी कोणी बसेना.

परतीच्या वाटेवर कार्यकर्तीने एक गोष्ट सांगितली. महाछायजवळ खोक्खाम नावाचा जुना कालवा आहे, फार वेडावाकडा. १७०४ साली अयुथ्थयाचा राजा सुआ, म्हणजे वाघराजा, आपल्या एकाछाय नावाच्या नौकेतून त्या वाटेने चालला होता. सुकाणूवर फान थाय नोरासिंग. नोरासिंग म्हणजे आपला नरसिंह. एका वळणावर नौकेचे नाक झाडाला लागून मोडले. कायद्याप्रमाणे सुकाण्याला देहान्त. राजाने माफ केले. सुकाण्या म्हणाला, कायदा मोडता येणार नाही, माझे डोके उडवा. राजाने मातीचा पुतळा करून त्याचे डोके उडवले. सुकाण्या म्हणाला, हे चालणार नाही. शेवटी त्याचे डोके उडवले, तेथे देऊळ बांधले. आणि मग राजाने नवा, सरळ कालवा खणायला घेतला. तो त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत पुरा झाला. तोच महाछायचा कालवा. कर्तव्यनिष्ठेचा आदर्श म्हणून नरसिंहाची गोष्ट तेथे घरोघर माहीत आहे. अजून लोक देवळात कोंबड्याचे पुतळे वाहतात.

गोष्ट ऐकून आमचे सहकारी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वळण आधीच सरळ केले असते तर?"

कार्यकर्ती म्हणाली, हेच आमच्या रेल्वे युनियनने विचारले. ५ ऑक्टोबर २००९ रोजी हुआहिनजवळ खाओताओ येथे गाडी रुळावरून घसरली आणि सात माणसे मेली. चालकाला डुलकी लागली असे सांगितले गेले. इंजिनात चालकाच्या पायाखाली एक पट्टी असते. पाय सुटला की गाडीला आपोआप ब्रेक लागतो. युनियनचे म्हणणे होते की ही साधने नादुरुस्त आहेत. माणसाला डुलकी लागणारच, यंत्र त्यासाठीच असते. हातयायच्या चालकांनी ठरवले की साधन दुरुस्त नसलेले इंजिन बाहेर काढायचे नाही. परिणाम असा की युनियनच्या पुढाऱ्यांना नोकरीवरून काढले, लाखो बाटांची भरपाई त्यांच्यावर बसवली, आणि २०२० च्या ऑक्टोबरात न्यायालयाने तेरा जणांना तीन-तीन वर्षांची शिक्षा सुनावली. ते अपिलात गेले. आम्ही त्या वेळी ज्या गाडीत बसलो होतो तीही त्याच रेल्वेची. चालक पुढे दिसत होता, डोक्याला ओला रुमाल बांधलेला.

अपघाताच्या चौकश्यांत आमचे अर्धे आयुष्य गेले आहे. बोटीवर विंचचा दोर तुटून खलाशाचा हात गेला की पहिला प्रश्न असतो, "तो तेथे उभा का होता?" दोर किती वर्षांचा, हा प्रश्न विचारायला युनियनचा माणूस लागतो. आणि तो विचारणारा परका असेल तर त्याला दाराबाहेरच थांबवता येते, हे त्या दिवशी महाछायला अगदी उघड दिसले.

आता हे तुम्हाला का सांगतो? आमच्या एका बंदरावर बोटींवरचे निम्म्याहून अधिक खलाशी नेपाळचे आहेत. ऑगस्टात येतात, पावसाळी बंदी लागली की परत जातात. उचल घेऊन येतात, हिशेब मालकाच्या वहीत. त्यांना सभासद करावे असा ठराव आमच्या कमिटीसमोर आला तेव्हा मोठे वादळ झाले. एक वयोवृद्ध तांडेल, ज्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे, म्हणाले, "आज सभासद, उद्या चिटणीस. मग आमच्या पोरांनी काय करायचे?" प्रश्न खोटा नव्हता. त्यांचा मुलगा बोट सोडून शहरात रिक्षा चालवतो. मालकाला स्वस्त हात मिळाले म्हणून तो गेला, हे त्यांचे म्हणणे. आम्ही विचारले, हात स्वस्त का? त्याला दाद मागता येत नाही म्हणूनच ना?

आपल्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात सभासदाला 'तू कोणत्या देशाचा' असे विचारलेले नव्हते. थायलंडात जी भिंत कायद्याने घातली ती आमच्या बंदरावर आम्हीच, आपल्या हातांनी, चहाच्या टपरीवर बसून घालत होतो. केरळच्या बाईंनी गाडीत सांगितलेली हकीकत आम्ही त्या सभेत सांगितली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी केरळच्या शेकडो मुली आपल्या आणि गुजराथच्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांत कोळंबी सोलायला आणल्या जात. कारखान्याच्या माडीवरच निजत. बाईंची धाकटी बहीण त्यांत होती. गावाशी त्यांचा संबंध फक्त दुकानापुरता. अपघात झाला की कंत्राटदार मुलीला रात्रीच्या गाडीत बसवून देई आणि सकाळी तिच्या जागी दुसरी असे.

सभा रात्री साडेअकरापर्यंत चालली. वयोवृद्ध तांडेलांनी शेवटी दुरुस्ती सुचवली : सभासद सर्वांना करा, पण उचलीचा हिशेब बोट सुटण्याआधी युनियनच्या वहीतही लिहिला पाहिजे, आपल्या आणि नेपाळच्या दोन्ही खलाशांचा, एकाच दराने. ही दुरुस्ती मूळ ठरावापेक्षा चांगली होती. ती मंजूर झाली. तिघे विरुद्ध, दोघे तटस्थ.

अर्ज मराठीत आणि नेपाळीत छापले आहेत. छापखानावाल्याला काही अडचण आली नाही. दोहोंची अक्षरे एकच.